परक्या वीजबाजारात डॅनिश पवनचक्क्या

वीज ही निराळ्या जातीची वस्तू

सायकल किंवा शिवणयंत्र परदेशी विकू पाहणाऱ्या कारखानदाराला मुख्यतः दोनच गोष्टींची चिंता वाहावी लागते. माल टिकाऊ असावा आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाला परवडावी. एकदा सायकल हाती आली की ती कोणत्या रस्त्याने न्यावयाची हे गिऱ्हाईक स्वतःच ठरविते. वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची गोष्ट अशी नाही. पवनचक्की विकत घेणाऱ्याला तिच्यापासून मिळणारी वीज पुन्हा कोणाला तरी विकावी लागते. ती वीज वाहून नेणाऱ्या तारा बहुधा दुसऱ्याच्याच मालकीच्या असतात, आणि विजेचा साठा करणे हे धान्याच्या साठ्याइतके सोपे व स्वस्त नसते.

म्हणून परक्या देशाच्या वीजबाजारात आपली यंत्रे पाठवू इच्छिणाऱ्याने यंत्राचा विचार करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावयास हवीत. तेथील तारांना आपले यंत्र जोडू दिले जाईल काय? जोडू दिले, तर विजेला दर कोणता मिळेल? आणि तो दर किती वर्षे टिकेल? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या देशाचे विधिमंडळ, त्याचे वीज नियामक मंडळ आणि त्याचे करखाते देत असते, कारखानदार नव्हे. १९८० ते १९८६ या काळात डेन्मार्कमधील काही लहान कारखान्यांनी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात हजारो पवनचक्क्या विकल्या. त्या व्यवहारात त्यांना भरभराट व दिवाळे ही दोन्ही टोके पाहावयास मिळाली. स्वच्छ ऊर्जेच्या निर्यातव्यापाराचा अभ्यास करणाऱ्याने या उदाहरणापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

घरची शाळा

डेन्मार्क हा लहान, सखल आणि सतत वारा वाहणारा देश आहे. पॉल ला कूर नावाच्या शिक्षकाने तेथील आस्कोव या गावच्या लोकविद्यालयात १८९१ साली पवनचक्कीपासून वीज निर्माण करण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे योहानेस यूल या अभियंत्याने १९५७ साली गेद्सर येथे २०० किलोवॅट क्षमतेची चक्की उभारली. तिला तीन पाती होती, तिचे तोंड वाऱ्याकडे असे, आणि तिचे जनित्र थेट वीजजाळ्याला जोडलेले होते. वारा फार वाढला की पात्यांच्या विशिष्ट आकारामुळे त्यांवरील उचल आपोआप कमी होई व चक्की बेफाम होत नसे. त्याहूनही संकट आल्यास पात्यांची टोके वळून ब्रेकचे काम करीत. ही चक्की १९६७ पर्यंत चालली. मात्र त्या काळी खनिज तेल इतके स्वस्त होते की, तिच्यासारखी दुसरी उभारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने हे चित्र पालटले. त्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत असे. देशात अणुवीज असावी की नसावी याविषयी मोठा वाद माजला होता आणि त्याच वादातून पवनचक्कीकडे लोकांचे लक्ष वळले. क्रिश्चन रिसागर या सुताराने सत्तरीच्या मध्यास आपल्या घरच्या परसात चक्की उभारून ती वीजजाळ्याला जोडली व तिच्यासारख्या चक्क्या तो इतरांनाही विकू लागला. कार्ल एरिक योर्गेन्सन हा लोहार आणि हेन्रिक स्टीसडल हा तरुण यांनी मिळून तयार केलेला आराखडा १९७९ साली वेस्तास या कंपनीने घेतला. ही कंपनी जटलंडच्या पश्चिमेकडील लेम या लहान गावी शेतीची अवजारे व मालमोटारींसाठी याऱ्या बनवीत असे. नॉर्डटँक या कंपनीचा व्यवसाय टाक्या बनविण्याचा होता. ब्रांडे येथील बोनस ही कंपनी शेतीला पाणी देण्याची साधने बनविणाऱ्या कारखान्यातून जन्मली. तात्पर्य, हे सारे जाड पत्रा कापणारे, सांधणारे व दुरुस्त करणारे लोक होते. विमानविद्येशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

या कारागिरांना घरच्या बाजारपेठेने शिस्त लावली. १९७८ साली रिसो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत लहान पवनचक्क्यांच्या चाचणीचे केंद्र निघाले. पुढील वर्षापासून चक्की घेणाऱ्याला शासन किमतीच्या तीस टक्के अनुदान देऊ लागले, परंतु त्यासाठी त्या चक्कीच्या नमुन्याला रिसोची मान्यता असावी लागे. दुसरीकडे चक्कीमालकांनी आपली संघटना स्थापन केली. कोणत्या चक्कीने किती वीज दिली आणि कोणत्या चक्कीचा कोणता भाग मोडला याचे आकडे ते आपल्या नियतकालिकात छापू लागले. शेजारच्या शेतकऱ्याची चक्की महिनाभर बंद आहे हे ज्याला छापील कागदावर वाचावयास मिळते, त्या गिऱ्हाइकाला फसविणे कठीण असते. परदेशी बाजारात उतरण्यापूर्वी डॅनिश कारखानदार अशा गिऱ्हाइकांच्या हाताखालून गेले होते, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना ध्यानात ठेवावयास हवी.

कायद्याने घडविलेली बाजारपेठ

याच सुमारास अमेरिकेत एक महत्त्वाचा कायदा झाला. १९७८ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष कार्टर यांनी सार्वजनिक वीजसेवा नियमन धोरण कायद्यावर सही केली. त्यापूर्वी वीज कंपनीला बाहेरच्या लहान उत्पादकाची वीज घेण्याचे कोणतेही बंधन नव्हते. नव्या कायद्याने ८० मेगावॅटपर्यंतच्या पात्र लहान उत्पादकाची वीज विकत घेणे कंपनीला सक्तीचे केले. तिचा दर ठरविताना ‘टळलेला खर्च’ हे तत्त्व मान्य केले गेले. म्हणजे असे की, बाहेरून एक युनिट घेतल्यामुळे कंपनीला स्वतः ते निर्माण करण्याचा जितका खर्च वाचला, तितका दर तिने लहान उत्पादकाला द्यावयाचा. वीज कंपन्या या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. परंतु १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने टळलेल्या पूर्ण खर्चाइतका दर देण्याचा नियम उचलून धरला.

अशा रीतीने तारांचे दार उघडले. दराची व मुदतीची बाजू कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने सांभाळली. १९८३ साली त्याने करारांचे जे नमुने मंजूर केले, त्यांतील चौथ्या नमुन्यानुसार उत्पादकाला दीर्घ मुदतीचा करार करता येई आणि त्यांपैकी पहिल्या दहा वर्षांपर्यंतचा दर आधीच ठरवून घेता येई. हा दर काढताना तेल व नैसर्गिक वायू महागतच जाणार असे गृहीत धरलेले होते. हातात असा करार असला की बँकेकडून कर्ज मिळविणे सुलभ होई.

याहूनही मोठे आकर्षण करसवलतीचे होते. पवनचक्कीत पैसा गुंतविणाऱ्याला केंद्र शासनाकडून ऊर्जेसाठी १५ टक्के आणि सर्वसाधारण गुंतवणुकीसाठी १० टक्के एवढी रक्कम प्राप्तिकरातून वजा करून मिळे. कॅलिफोर्निया राज्य आणखी २५ टक्क्यांपर्यंत सूट देई. हिशेब सोपा होता. एखाद्या डॉक्टराने वा वकिलाने १०० डॉलर गुंतविले, तर त्यांपैकी जवळजवळ निम्मे त्याला कराच्या रूपाने लगेच परत मिळत, आणि शिवाय पाच वर्षांत यंत्राचा घसारा लिहिता येई. परंतु ही सवलत चक्कीच्या किमतीवर मिळे, तिने दिलेल्या विजेवर नव्हे. चक्की फिरो अथवा न फिरो, तिची किंमत चुकती झाली आणि वर्ष संपण्यापूर्वी ती उभी राहिली एवढे पुरेसे होते.

निसर्गही अनुकूल होता. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या आतील खोरी तापतात, तेथील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा डोंगरांतील खिंडींमधून जोराने आत शिरते. अल्टामॉन्ट, टेहाचपी व सॅन गॉर्गोनिओ या तीन खिंडींत म्हणूनच चक्क्यांची वने उभी राहिली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील शक्ती आठपट होते. खिंडीची निवड करण्यात किती शहाणपण होते हे यावरून समजेल. १९८६ पर्यंत या राज्यातील पवनविजेची क्षमता १,००० मेगावॅटच्या पुढे गेली होती.

यंत्रांची कसोटी

प्रारंभी ही बाजारपेठ अमेरिकन कंपन्यांच्या हाती होती. त्यांच्या पुष्कळशा अभियंत्यांचे शिक्षण विमानविद्येत झाले होते. वजनाने हलके, वेगाने फिरणारे व कमी साहित्यात तयार होणारे यंत्र बनवावे, ही त्यांची दृष्टी होती. सिद्धान्त म्हणून ती चुकीची नव्हती. परंतु पवनचक्कीला वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहून वाऱ्याचे झटके सोसावे लागतात आणि एकेका पात्यावरील ताण कोट्यवधी वेळा बदलतो. घाईने बाजारात आणलेल्या अनेक हलक्या यंत्रांची पाती तुटली, ब्रेक निकामी झाले, गिअरबॉक्स फुटले. रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशांना थांबलेल्या चक्क्यांच्या रांगाच्या रांगा दिसू लागल्या.

डॅनिश चक्की त्यांच्या शेजारी बोजड दिसे. तीच जाड तीन पाती, वाऱ्याकडे तेच तोंड, तेच संथ फिरणे. गेद्सरच्या चक्कीचेच ते सुधारलेले रूप होते. मात्र ती चालत राही. त्यामुळे कॅलिफोर्नियातील चक्कीवाल्या कंपन्या डेन्मार्ककडे वळल्या आणि १९८५ च्या सुमारास नव्याने उभ्या राहणाऱ्या क्षमतेत डॅनिश यंत्रांचा वाटा सुमारे निम्म्यावर पोहोचला. चलनाच्या भावानेही हात दिला. १९८० साली एका डॉलरला साडेपाच ते सहा क्रोनर मिळत. १९८५ च्या आरंभी तो भाव सुमारे बारावर गेला होता. डॉलरमध्ये तीच किंमत लावूनही डॅनिश कारखानदाराच्या पदरी दुप्पट क्रोनर पडत. लेमसारख्या खेड्यात नवे कारखाने उभे राहिले व दूरदूरचे कामगार तेथे येऊ लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. डॅनिश यंत्रेही निर्दोष नव्हती. खिंडीतील वारा डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील वाऱ्याहून अधिक उग्र व अधिक घुसळलेला असे. पात्यांवर धूळ व किडे चिकटून वीज कमी मिळे. शिवाय मागणीचा रेटा वाढला तसा काही कारखान्यांच्या कामाचा कसही घसरला. परदेशी दुरुस्तीचा प्रत्येक प्रसंग घरच्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, कारण हमी दिलेला प्रत्येक भाग व तो बसविणारा माणूस समुद्रापार पाठवावा लागतो.

१९८५ चा डिसेंबर

केंद्र शासनाच्या ऊर्जाविषयक करसवलतीची मुदत ३१ डिसेंबर १९८५ रोजी संपत होती. ही तारीख कायद्यातच लिहिलेली असल्याने ती कोणापासूनही लपलेली नव्हती. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या वर्षी मागणीने कळस गाठला. प्रत्येक गुंतवणूकदाराला आपली चक्की वर्ष संपण्याआधी उभी राहावयास हवी होती. कारखान्यांनी कर्ज काढून शेड वाढविल्या, कामगार नेमले, दिवसरात्र पाळ्या चालविल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने चौथ्या नमुन्याचे नवे करार स्थगित केले होते, कारण करारांची संख्या अपेक्षेबाहेर वाढली होती आणि ठरविलेले दर महाग वाटू लागले होते. हा इशारा पुरेसा स्पष्ट होता.

वेस्तासच्या वाट्याला त्या हंगामात एक विलक्षण प्रसंग आला. टेहाचपी खिंडीतील झॉन्ड या कंपनीने तिच्याकडे फार मोठी मागणी नोंदविली होती व माल वर्षअखेरीपूर्वी पोहोचणे आवश्यक होते. माल तयार झाला. परंतु तो वाहून नेणाऱ्या जहाज कंपनीचे दिवाळे निघाले आणि काही चक्क्या वेळेत पोहोचू शकल्या नाहीत. मुदत टळल्यानंतर आलेल्या चक्कीला करसवलत नव्हती, आणि करसवलतीविना तिला गिऱ्हाईक नव्हते. यंत्र तेच, वारा तोच, खिंडही तीच; फक्त दिनदर्शिकेचे पान उलटले होते.

पुढील वर्षी सर्वच दारे एकदम बंद झाली. १९८६ च्या आरंभी जगात तेलाचे भाव कोसळले. त्याबरोबर ‘टळलेला खर्च’ही उतरला, म्हणजेच नव्या विजेला मिळणारा दर घटला. डॉलरचा भाव पडला. कॅलिफोर्नियाची राज्य करसवलतही त्याच वर्षाअखेर संपली. १९८६ च्या ऑक्टोबरात वेस्तासला देणी थांबवावी लागली. इतरही अनेक डॅनिश कारखाने बुडाले किंवा नव्या मालकाकडे गेले. ज्या कामगारांनी चांगली चक्की बनविली होती त्यांचेच काम गेले. त्यांच्या हातून कसूर झाली म्हणून ते गेले असे नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे.

कोण टिकले, आणि का

तरीही डॅनिश उद्योग मेला नाही. १९८७ साली वेस्तास केवळ पवनचक्क्या बनविणारी एक लहान कंपनी म्हणून पुन्हा उभी राहिली. याचे मुख्य कारण घरच्या बाजारपेठेत सापडते. १९८५ च्या मार्चमध्ये डॅनिश संसदेने अणुवीज आपल्या ऊर्जायोजनेतून वगळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शासनाने वीज कंपन्यांशी १०० मेगावॅट पवनवीज उभारण्याचा करार केला. ही मागणी कॅलिफोर्नियाच्या मानाने बेताची होती, पण ती सलग होती. अमेरिकेत सवलत संपताच पाठीशी काही उरले नाही. बहुतेक अमेरिकन कंपन्या नाहीशा झाल्या आणि त्यांतील सर्वांत मोठी, केनेटेक, १९९६ साली दिवाळखोरीत गेली.

अमेरिकेने या अनुभवातून अर्धाच धडा घेतला. १९९२ च्या ऊर्जा कायद्याने यंत्राच्या किमतीऐवजी निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटावर सवलत देण्यास सुरुवात केली. हा बदल योग्य होता, कारण आता चक्की फिरल्याशिवाय लाभ मिळेनासा झाला. मात्र मुदतीचा दोष तसाच राहिला. १९९९, २००१ व २००३ या वर्षांत ती सवलत खंडित झाली, आणि त्यापुढील प्रत्येक वर्षी नव्या चक्क्यांची उभारणी कोसळली. २०२२ साली दीर्घ मुदतीची म्हणून जाहीर झालेली सवलतही २०२५ च्या जुलैमधील कायद्याने पवन व सौर प्रकल्पांसाठी पुष्कळच आखूड केली.

भारतीय वाचकासाठी

ही कथा आपल्याला परकी नाही. कॅलिफोर्नियाची बाजारपेठ कोसळली त्याच १९८६ साली भारतात महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पहिल्या प्रात्यक्षिक पवनवीज केंद्रांत वेस्तासच्या ५५ किलोवॅटच्या चक्क्या फिरू लागल्या. पुढे नव्वदीच्या दशकात आपल्याकडे पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा लिहिण्याची मुभा मिळाली आणि पवनचक्क्यांची लाट आली. त्या लाटेतही वीज किती मिळते यापेक्षा कर किती वाचतो इकडेच काही गुंतवणूकदारांचे डोळे लागले होते. २०१२ साली जलद घसाऱ्याची सवलत काढून घेतली गेली, तेव्हा नवी उभारणी पुन्हा मंदावली. २०१४ साली ती सवलत परत द्यावी लागली.

निर्यातीच्या बाबतीतही आपण आता खरेदीदाराच्या बाकावरून विक्रेत्याच्या बाकावर येऊन बसलो आहोत. तुलसी तांती यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या व पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीने अमेरिकेत चक्क्या विकल्या. २००८ साली तेथील काही चक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याचे आढळले व कंपनीला १,२५१ पाती बळकट करण्याचा किंवा बदलण्याचा खर्चिक कार्यक्रम हाती घ्यावा लागला. दूरच्या बाजारपेठेत हमी पाळण्याची किंमत किती असते, ती डॅनिश कारखानदारांनी पूर्वी मोजली होती, तीच या कंपनीलाही मोजावी लागली.

निष्कर्ष

या विवेचनातून निर्यातदाराने चार गोष्टी घ्याव्यात. एक, परक्या देशाचा वीजकायदा हा आपल्या यंत्राचाच एक भाग समजून वाचावा; त्यातील तारीख ही पात्याच्या लांबीइतकीच महत्त्वाची असते. दोन, मागणी नेमकी कशाला आहे हे ओळखावे. गिऱ्हाइकाला वीज हवी असेल तर ते पुढील वर्षीही येईल. करसवलत हवी असेल तर सवलतीबरोबरच ते निघून जाईल. तीन, कळसाच्या वर्षाकडे पाहून कारखाना वाढवू नये. चार, घरच्या बाजारपेठेची उपेक्षा करू नये, कारण चुका शिकण्याची ती सर्वांत स्वस्त जागा होय आणि बाहेरचे दार मिटले असता परत येण्याचीही तीच जागा असते.

कॅलिफोर्नियाच्या त्या खिंडींत आजही वारा वाहतो. जुन्या लहान चक्क्यांच्या जागी तेथे आता बहुतेक ठिकाणी थोड्या पण उंच चक्क्या उभ्या आहेत. त्यांची तीन पाती, वाऱ्याकडील तोंड आणि एकूण ठेवण पाहिली, तर गेद्सरच्या १९५७ च्या चक्कीशी असलेले त्यांचे नाते जाणत्याला ओळखता येते. बाजारपेठ बुडाली तरी चांगल्या कामाचा आराखडा शिल्लक राहिला, एवढे समाधान लेमच्या कारागिरांना लाभले. मात्र त्यांतील अनेकांना ते फार उशिरा लाभले.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘टळलेला खर्च’ म्हणजे काय? तेलाचे भाव उतरल्यावर तो का उतरतो?

२. यंत्राच्या किमतीवरील सवलत आणि निर्माण झालेल्या विजेवरील सवलत यांचे कारखानदारावर होणारे परिणाम कसे भिन्न असतात?

३. डॅनिश चक्कीमालकांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांचा निर्यातीला कोणता उपयोग झाला?

४. १९८५ च्या आरंभी तुम्ही एखाद्या डॅनिश कारखान्याचे व्यवस्थापक असता, तर आलेल्या मागणीपैकी किती स्वीकारली असती? आपले उत्तर सकारण लिहा.